दोन मिलिमीटर लाल

माझा हेवेखोर स्वभाव हा माझ्या नोकरीतला सगळ्यांत उपयोगी गुण होता. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या प्रशस्तिपत्रात याचा उल्लेख नाही, म्हणून मीच इथे करते. ज्याला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, त्याला दुसऱ्याच्या चित्रावरचा केसाएवढा ओरखडाही चटकन दिसतो. स्टुटगार्टमधल्या एका संग्रहालयाने मला सव्वीस वर्षं याच गोष्टीचा पगार दिला.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण कोल्हापूरला माहेरी अजूनही समज आहे की मी म्युझियममध्ये तिकिटं फाडत होते. (त्याआधीची तीन वर्षं मी तिथे लोकांचे ओव्हरकोट टांगले, हे खरं आहे.) मोठं प्रदर्शन भरतं तेव्हा त्यातली बरीचशी चित्रं बाहेरून मागून आणलेली असतात. ती लाकडी खोक्यांतून येतात आणि बरोबर चित्राच्या मालकाचा एक माणूस येतो. त्याला कुरिअर म्हणतात. आपल्याकडच्यासारखा पाकीट टाकून निघून जाणारा कुरिअर हा नव्हे. हा विमानतळापासून चित्राची पाठ सोडत नाही. खोकं उघडलं की हा कुरिअर आणि मी टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहतो, टॉर्च आडवा धरून चित्राचा इंच न् इंच बघतो, आणि दिसेल ते लिहून काढतो. कुठे घडी, कुठे डाग, कुठे कोपरा दुमडलेला. जागा, प्रकार, लांबी, कारण असे चार रकाने असतात. त्याला जर्मनमध्ये त्सुश्टांड्सप्रोटोकॉल असं जीभ वळवणारं नाव आहे. आपण नुसता प्रोटोकॉल म्हणू. खाली दोघांच्या सह्या. सह्या झाल्या नाहीत तर विमा लागू होत नाही, आणि विमा नाही तर चित्र भिंतीवर चढत नाही. परत जाताना पुन्हा हेच. मधल्या काळात एखादी नवी सुरकुती पडली असेल तर ती आमच्या गळ्यात.

थोडक्यात, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मोजायचं काम. स्वतःच्या डोळ्यातल्या मुसळासाठी रकाना नव्हता.

या कामात माणसं एकेक नग भेटतात. हॅनोव्हरच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरने आपल्या दिवाणखान्यातलं एक छोटं निसर्गचित्र आम्हाला दिलं, आणि सोबत चिठ्ठी धाडली की चित्राला माणसांची सवय आहे, तरी रोज कुणीतरी त्याला गुटन मॉर्गन म्हणावं. आम्ही हसलो. पण सकाळी खोल्यांमधली आर्द्रता तपासत फिरताना मी तीन महिने त्याला गुटन मॉर्गन म्हटलं. दुसऱ्या एका बाईंनी, आमच्या प्रोटोकॉलमध्ये 'फ्रेमवर धूळ' असं लिहिलेलं वाचलं, चित्र परत मागवलं, घरी नेऊन पुसलं आणि पुन्हा पाठवलं. श्वेबिश, म्हणजे आमच्या भागातल्या, टापटिपीसाठी नावाजलेल्या गृहिणीच्या घरात धूळ निघाली असं लेखी राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांचा मला काडीचाही राग आला नाही. माझी आईही तेच करती.

राग यायचा तो चित्रांचा. खोकं आलं की ते लगेच उघडायचं नाही, असा नियम आहे. प्रवासाने कागद दमलेला असतो, त्याला इथली हवा मानवायला हवी, म्हणून चोवीस तास बंद खोक्यात, वीस अंशांत, शांत पडू द्यायचं. मी लग्नानंतर फ्रांकफुर्टला उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता परदेशी नागरिकांच्या कचेरीत रांगेत उभी होते, अंगावर सासूबाईंनी दिलेला, कोपरात विरलेला स्वेटर. मला कुणी हवा मानवू दिली नाही. एखाद्या कागदाचा हेवा वाटू शकतो हे लोकांना खरं वाटत नाही. मला वाटायचा, आणि मी तो लपवायचे नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आमच्याकडे एका जपानी चित्रकाराचं सिंहावलोकन, म्हणजे आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन, भरलं. त्यांचं नाव देत नाही. ऐंशी उलटलेले गृहस्थ, साठ वर्षं पोस्टर, रेकॉर्डची कव्हरं, काड्यापेट्या, दुकानांच्या पिशव्या, खेळणी, खुर्च्या, काय म्हणाल ते केलेले. भडक रंग, सिनेमातल्या नट्या, मासे, विमानं, एकात एक. पॉप म्हणतात तो प्रकार. त्यांचे लोक त्यांना सेन्सेई म्हणायचे. आपल्याकडे मास्तर म्हणतात तेच, म्हणून मीही मास्तर म्हणते.

मास्तरांची एक्क्याऐंशी खोकी आली. मी तीन आठवडे ती उघडत होते आणि माझा जळफळाट होत होता. या माणसाचं सगळं, म्हणजे अगदी सगळं, कुणीतरी जपून ठेवलं होतं. पहिलं कव्हर, त्याची चार रद्द झालेली प्रूफं, आइस्क्रीमच्या कागदावर काढलेली गाढवं. आठवीतल्या भूगोलाच्या वहीतला एक नकाशासुद्धा होता, स्वतंत्र खोक्यात, विमा उतरवून.

मला पोटात दुखायचं कारण असं की मीसुद्धा त्याच पेशातली. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करून मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला एका ऑफसेट प्रेसमध्ये चार वर्षं लेबलं काढत होते. उदबत्तीची, चहा मसाल्याची, फटाक्यांच्या खोक्याची, गुळाच्या रव्यांची म्हणजे ढेपांची. मोर, सूर्य, बैल, हसऱ्या बायका. मास्तरांनी तरुणपणी जे केलं तेच. फक्त त्यांचा मासा विमा उतरवून विमानात बसला, आणि माझे मोर लोकांनी जाळले. लेबलाचं नशीब मालाबरोबर असतं. माल संपला की बाई बरणी घासते आणि त्यात मीठ भरते. माझ्याकडे माझ्या हातचं एकही लेबल नाही.

घरी मी हे सगळं बोलून दाखवायचे. आमचे हे एका ऑटोमोबाइल सप्लायर कंपनीत डिझाइन इंजिनिअर होते, आता निवृत्त आहेत आणि बागेतल्या टोमॅटोंवर बैठका घेतात.

"अगं, तो माणूस ऐंशी प्लस आहे," हे म्हणाले. "तू त्याच्याशी कॉम्पिटिशन कशाला करतेस? यू हॅव हॅड अ गुड करिअर."

"अहो, कॉम्पिटिशन नाही. मला नुसतं वाईट वाटतंय."

"वाईट तर वाईट. पण वाटून काय होणार?"

मुलगी सई त्या वेळी जेवायला आली होती. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, दू बिस्ट डोख नाइडिश." जळतेस तू. इतकी सरळ, जेवणाच्या टेबलावर, आमटी वाढून घेताना. मी म्हटलं, "हो. गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

मास्तरांचं सगळ्यांत प्रसिद्ध पोस्टर म्हणजे डबाबंद बांगड्याच्या एका कंपनीची जाहिरात. निळ्या केसांची एक मुलगी बांगड्यावर स्वार होऊन येते आहे, मागे समुद्र, आणि तिचे लालभडक ओठ ओठांच्या जागेवर नाहीत. थोडे उजवीकडे सरकलेले. त्यामुळे ती एकाच वेळी हसते आहे आणि हसणं तिच्यापासून निसटतं आहे असं दिसतं. जगभर हे पोस्टर त्या सरकलेल्या ओठांसाठीच ओळखलं जातं. पुढे मास्तरांनी प्रत्येक चित्रात लाल रंग असा थोडा सरकवला, आणि ती त्यांची शैली झाली. आमच्या कॅटलॉगमध्ये प्रदर्शनाच्या प्रमुख डॉ. फोग्ट यांनी या ओठांवर सहा पानं लिहिली होती. यंत्राच्या अचूकपणाविरुद्ध मानवी हाताने केलेलं बंड, असं काहीसं. शहरभर एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनांवर हीच मुलगी लागली होती. संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर ती तीन मजले उंच होती, आणि तिथे तिचे ओठ माझ्या दोन बोटांइतके सरकलेले होते.

मूळ पोस्टरचं खोकं मी सोमवारी उघडलं. प्रदर्शनाचं उद्घाटन शुक्रवारी. टेबलाच्या पलीकडे मास्तरांच्या कुरिअर होत्या हारुको-सान. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, तीस वर्षं मास्तरांचं काम सांभाळणाऱ्या. ड्युसेलडॉर्फला शिकलेल्या, त्यामुळे माझ्यापेक्षा सुबक जर्मन बोलायच्या. चित्राजवळ शाईचं पेन न्यायची बंदी असते, त्यामुळे सगळं शिसपेन्सिलीने लिहायचं. त्यांच्या पेन्सिलींना जी टोकं होती त्यांचाही मला हेवा वाटला.

मी सवयीने भिंग लावलं, आणि दोन मिनिटांत ओळखलं. हे बंड नव्हतं. ही छपाईची चूक होती.

कशावरून, ते सांगते. जुन्या मशीनवर चार रंग छापायचे तर कागद चार वेळा मशीनमधून जायचा. आज पिवळा, उद्या लाल, परवा निळा. मधल्या वेळात हवा दमट असली की कागद पाणी पितो आणि वाढतो. डोळ्याला कळत नाही इतका, पण वाढतो. मग दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही. प्रेसच्या भाषेत रजिस्टर आउट झालं. आता, चित्रकाराने मुद्दाम लाल सरकवला तर तो सगळीकडे सारखा सरकेल. कागद वाढला तर मात्र एका कडेला कमी आणि दुसऱ्या कडेला जास्त. मी मोजलं. डाव्या कडेच्या लाल रेघेला अर्धा मिलिमीटर. मधल्या डब्यावरच्या शिक्क्याला एक. उजवीकडे, मुलीच्या ओठांपाशी, दोन. माझ्या हाताखालून असे हजारो कागद गेलेले. मला हे सांगायला सहा पानं लागत नाहीत.

इथे शहाणी बाई गप्प बसली असती. छपाईच्या वेळचा दोष म्हणजे नुकसान नव्हे, तो नोंदवायची गरजही नसते. पण मला त्या क्षणी इतका आनंद झाला की काय सांगू. पन्नास वर्षांची कीर्ती, एक्क्याऐंशी खोकी, तो भूगोलाचा नकाशा, आणि मुळाशी कागदाने प्यायलेलं पाणी. मी पेन्सिल उचलली आणि रकाने भरले. जागा: संपूर्ण लाल रंग. प्रकार: रजिस्टर आउट. लांबी: अर्धा ते दोन मिलिमीटर, उजवीकडे वाढत जाणारं. कारणाचा रकाना आम्ही एरवी कोराच सोडतो. मी तिथे लिहिलं: मशीनमनचा निष्काळजीपणा.

हारुको-साननी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. पेन्सिल टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "फ्राउ माने, यावर मी सही करू शकत नाही."

"मापं चूक आहेत का?"

"मापं बरोबर आहेत. म्हणूनच करू शकत नाही. सेन्सेई बुधवारी येत आहेत. त्यांनी पाहिल्यावर."

अर्ध्या तासात डॉ. फोग्ट खाली आल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. चौदा वर्षं आम्ही एकत्र काम केलं होतं, माझ्या हातच्या करंज्या त्यांना आवडायच्या. त्यांनी प्रोटोकॉल वाचला आणि चष्मा काढला.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "ही ओळ खोडून टाकाल का?"

"ओळ खोटी आहे का?"

"प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही. कॅटलॉग छापून झालाय. भिंतीवर मुलगी लागलीय. आणि हा कागद आज ना उद्या कुणीतरी वाचणार."

"मला जे दिसतं ते लिहायची मी नोकरी करते, डॉ. फोग्ट."

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. "पण हे तुम्ही नोकरी म्हणून लिहिलेलं नाही."

बाईंनी नेमकं बोट ठेवलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी जास्तच ताठ झाले. ओळ खोडणार नाही म्हणाले. सही नाही म्हणून पोस्टर टेबलावर पडून राहिलं, वर रेशमी कागद घालून. ज्या भिंतीसाठी अख्खी खोली लाल रंगवली होती ती भिंत दोन दिवस रिकामी. कामगार येता-जाता माझ्याकडे बघायचे. हे घरी म्हणाले, "रिटायरमेंटला सात महिने राहिलेत, कशाला पंगा घेतेस?" खरं सांगायचं तर मी घाबरले होते. शेवटच्या वर्षी फाइलमध्ये लेखी समज आली असती, सव्वीस वर्षांवर पाणी पडलं असतं. पण त्या भीतीच्या खाली मला बुधवारची घाई झाली होती. मास्तरांचा चेहरा पडलेला मला बघायचा होता.

मास्तर आले. खांद्याला येतील एवढे, अंगावर साधं जाकीट, पायात नारिंगी रंगाचे धावायचे बूट. त्यांनी कुणाशी फार बोलणं केलं नाही. टेबलाशी येऊन रेशमी कागद बाजूला करायला सांगितला, माझा प्रोटोकॉल हारुको-सानकडून ऐकून घेतला आणि माझ्यापुढे हात केला. मला वाटलं हस्तांदोलन. त्यांना भिंग हवं होतं.

डावी कडा, मधला डबा, उजवी कडा. मी मोजलं होतं त्याच क्रमाने त्यांनी मोजलं. डॉ. फोग्ट, हारुको-सान आणि मी टेबलाभोवती उभ्या. मग ते हारुको-सानकडे वळून हळू आवाजात बराच वेळ बोलले. मधेच हारुको-सान भाषांतर करायच्या थांबल्या. हे त्याही पहिल्यांदाच ऐकत होत्या, तीस वर्षांत.

त्यांनी सांगितलं ते असं. तिकडेही पावसाचे दिवस होते. दोन खोल्यांचा छापखाना. मशीनवर एक माणूस होता, त्याला दोन लहान मुलं, एक नुकतं झालेलं. मास्तर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, हे त्यांचं पहिलं मोठं काम. सगळी पोस्टरं छापून झाल्यावर चूक ध्यानात आली. कंपनीचा साहेब आला, पोस्टर बघून लाल झाला आणि त्याने विचारलं, ही चूक कुणाची? मशीनवरचा माणूस पुढे व्हायला लागला. त्याच्या आधी मास्तर बोलून गेले: चूक नाही, मला असंच हवं होतं.

"त्या माणसाची नोकरी जाऊ नये म्हणून सेन्सेई खोटं बोलले," हारुको-सान म्हणाल्या. "साहेबाला ते पटलं. पुढे इतरांनाही पटलं. मग प्रत्येक पोस्टरमध्ये लाल सरकवावा लागला, नाहीतर पहिलं खोटं उघडं पडलं असतं. सेन्सेई म्हणतात, सगळे विचारतात ही शैली कुठून सुचली. पन्नास वर्षांत मोजून बघितलं ते तुम्हीच."

डॉ. फोग्ट जवळच्या स्टुलावर बसल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहून सांगितलं की कॅटलॉगमधला लेख फार चांगला आहे, तो तसाच राहू द्या. मग त्यांनी माझी पेन्सिल मागितली. माझी ओळ त्यांनी खोडली नाही. फक्त कारणाच्या रकान्यात 'मशीनमनचा' या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वर स्वतःचं नाव लिहिलं, त्यांच्या अक्षरांत. 'निष्काळजीपणा' हा शब्द तसाच ठेवला. खाली सही केली. मग हारुको-साननी केली. मग मी.

पोस्टर दुपारी भिंतीवर चढलं.

जाताना मास्तर थांबले आणि हारुको-सानमार्फत त्यांनी विचारलं, हे बघायला कुठे शिकलात? मी सांगितलं, भारतात, एका लहान प्रेसमध्ये, लेबलं काढायचे. ते खुलले. तुमच्याकडे मशीनवर कोण होतं, विचारलं. मी म्हटलं, दत्तूमामा. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. 'त्तू' त्यांना जमेना. मग विचारलं, ते आता काय करतात?

मी म्हटलं, माहीत नाही. संपर्क राहिला नाही.

ते खोटं होतं. मास्तरांच्या खोट्याने एका माणसाची नोकरी वाचली होती. माझ्या खोट्याने फक्त मी वाचत होते, आणि तेही दुसऱ्यांदा.

दत्तूमामा आमच्या प्रेसचे मशीनमन. पांढरा लेंगा, शाईने काळी झालेली नखं, तंबाखू नाही, चहा भरपूर. बावीस वर्षं त्या मशीनवर. माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या पोरीला ते ताई म्हणायचे, आणि रंग कसा पाहायचा, कागद कसा ओळखायचा, हे मला कॉलेजने नव्हे, त्यांनी शिकवलं. आमच्याकडे पद्धत अशी की छपाई सुरू करण्याआधी मशीनमन पहिली शीट काढतो, आर्टिस्ट भिंग लावून रजिस्टर बघतो आणि शीटवर ओके लिहून सही करतो. ती शीट मशीनशेजारच्या खिळ्याला लावायची. त्यानंतर जे छापलं जाईल त्याची जबाबदारी सही करणाऱ्याची.

एका लोणचेवाल्याचं लेबल होतं. लोणच्याची बरणी घेतलेली, डोईवर पदर, हसरी बाई. मीच काढली होती, आणि मला ती फार आवडायची. त्या दिवशी दुपारी मला बघायला पुण्याहून माणसं येणार होती. मुलगा इंजिनिअर, जर्मनीला जायच्या बेतात. आईने तीन वाजता घरी ये म्हणून बजावलं होतं. अडीचला दत्तूमामांनी लाल रंगाची शीट काढली. मी पर्स खांद्याला लावूनच मशीनपाशी गेले.

"ताई, जरा भिंगातनं बघा की," ते म्हणाले. "हवा लई दमट हाय. कागद कसा वागतोय कुणास ठाऊक."

भिंग वर माझ्या टेबलात होतं. जिना चढून जायचा कंटाळा नव्हता, घाई होती. मी लांबून पाहिलं, ओके लिहिलं, सही केली आणि रिक्षा पकडली.

दुसऱ्या दिवशी सगळी लेबलं छापून तयार होती आणि बाईचं कुंकू कपाळावर नव्हतं. ते डाव्या भुवईवर गेलं होतं. लोणचेवाला कपाळाला हात लावून बसला. बायकोचं कुंकू हललं म्हणजे अपशकुन, असली बरणी कोण घरात नेईल, म्हणाला. मालकांनी विचारलं, ओके कुणी दिला? शीट आणा.

खिळ्यावर शीट नव्हती. दत्तूमामा म्हणाले, "सापडत न्हाई. माझ्याच हातनं ऱ्हायलं बघायचं."

मी तिथेच उभी होते, त्यांच्यापासून दोन हातांवर. त्यांच्या डब्याच्या पिशवीतून घडी केलेल्या कागदाचा कोपरा दिसत होता, आणि त्यावर माझी निळी सही. आदल्या दिवशी मला पसंत केलं होतं. दत्तूमामांना ते सकाळीच कळलं होतं, पेढा मीच दिला होता. मला बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी बोलले नाही.

मालकांनी त्यांना मशीनवरून काढून गोडाऊनला बसवलं. बावीस वर्षांच्या माणसाला कागदाचे गठ्ठे मोजायला. दोन महिन्यांत त्यांनी प्रेस सोडला. माझ्या लग्नाला आले, जेवले, म्हणाले, "बरं झालं ताई, चांगलं स्थळ मिळालं. आता मोठी चित्रं काढा." पुढे दर सुट्टीत कोल्हापूरला गेले की मी चौकशी करायचे, म्हणजे त्यांना भेटायला न जाता लोकांकडून ऐकायचे. बसस्टँडजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते. मग ते वारल्याचं कळलं. हे सगळं मला माहीत होतं, आणि मी मास्तरांना म्हटलं, माहीत नाही.

शुक्रवारी उद्घाटन झालं. हेही आले, सईही आली. लोक त्या पोस्टरसमोर रांग लावून उभे होते, सरकलेल्या ओठांचे फोटो काढत होते. मी कोपऱ्यातून बघत होते आणि मला मास्तरांचा पुन्हा हेवा वाटत होता. खोक्यांचा आता वाटत नव्हता, कीर्तीचाही नाही. अठ्ठावीस वर्षांचा, पोट भरायची भ्रांत असलेला एक पोरगा साहेबासमोर 'मला असंच हवं होतं' म्हणाला, त्या एका वाक्याचा वाटत होता. माझ्याकडेही तसंच एक वाक्य मागितलं गेलं होतं, त्याच चुकीसाठी, जवळजवळ त्याच वयात. आणि चाळीस वर्षांनी पुन्हा पेन्सिल हातात आली तेव्हा, कुणी न विचारता, कारण म्हणून मी काय लिहिलं? मशीनमन.

आता निवृत्त आहे. दिवाळी अंकासाठी कामाच्या गमतीजमती लिहा, असं संपादकांनी कळवलं, तेव्हा हॅनोव्हरच्या गृहस्थांची, धुळीच्या बाईंची अशा बऱ्याच गोष्टी ठरवून ठेवल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच राहिल्या. हा अंक कोल्हापूर भागात खूप घरी जातो असं ऐकते. दत्तूमामांची थोरली मुलगी पुढे इचलकरंजीला दिली असं ऐकलं. मी प्रेसमध्ये होते तेव्हा ती लहान होती, नाव आठवत नाही. बाई, तू हे वाचत असशील तर तुला सांगायचंय. लोणच्याच्या त्या शीटवर ओके माझा होता. तुझ्या वडिलांनी मला भिंग लावून बघा म्हणून सांगितलं होतं.